वारशात आलेल्या नाण्यांवरील टांकसाळीच्या चुका : ओळखायच्या कशा, आणि त्यांना खरोखर किंमत असते का?

शेवंती

नमस्कार. आमच्या आजेसासूबाईंच्या पश्चात त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यातील नाणी आमच्या वाट्याला आली आहेत. दर लक्ष्मीपूजनाला ती बाहेर निघत, धुतली जात आणि हळदकुंकू लागून पुन्हा डब्यात जात, त्यामुळे ती पुष्कळदा पाहिली असली तरी भिंगाखाली धरून निरखली ती यंदाच. त्यांतील काहींविषयी शंका आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या एका रुपयावर सनाच्या वर आणि खाली बारीक टिंबे आहेत. दुसऱ्या रुपयावर राणीच्या गळ्यापासून काठापर्यंत एक रेघ गेली आहे. पंचम जॉर्ज यांचा १९१७ चा रुपया उलटवला की मागील बाजू थोडी तिरकी दिसते. एका पाव आण्याच्या दोन्ही बाजूंना राजाचाच चेहरा आहे. तो एका बाजूला नेहमीसारखा उठावदार आहे, तर दुसऱ्या बाजूला खोलगट आणि उलटा आहे. १९४३ च्या भोकाच्या पैशाचे भोक मध्यावर नाही. शिवाय काही शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी) आहेत आणि त्यांपैकी एकीवरही मजकूर पूर्ण उमटलेला नाही.

माझ्या भाच्याने कुठल्याशा चित्रफितीत पाहिले की अशा 'चुकलेल्या' नाण्यांना पाच-पाच लाख मिळतात. यांपैकी टांकसाळीची खरी चूक कोणती आणि झीज किंवा खोडसाळपणा कोणता हे घरच्या घरी कसे ओळखावे, आणि चुकीमुळे किंमत वाढते की घटते, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. विकण्याची घाई नाही.

रोखठोक

भाच्याला एवढेच सांगा की ते पाच लाख देणारे गृहस्थ आधी तुमच्याकडूनच 'नोंदणी शुल्क', 'कर' आणि 'कमिशन' या नावांखाली दोन-तीन हजार मागतील आणि मग त्यांचा फोन लागणार नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत ती स्वतः पडत नाही आणि आपल्या नावाने असे शुल्क घेण्याचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. बाकीचे जाणकार सांगतीलच.

टांकसाळ्या

शेवंतीताई, प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार, कारण बहुतेक लोक अंधूक छायाचित्र टाकून थेट 'किती येतील?' एवढेच विचारतात.

यंत्रावर पाडलेल्या नाण्याची चूक ओळखायची असेल तर नाणे कसे तयार होते ते डोळ्यांसमोर आणावे. धातूच्या पट्टीतून कोरी चकती कापली जाते, ती कॉलर नावाच्या कड्यात बसते, आणि वरून-खालून दोन ठसे तिच्यावर प्रचंड दाबाने आदळतात. चूक चकतीत असू शकते, ठशात असू शकते किंवा आघाताच्या क्षणी घडलेली असू शकते. जी खूण या तिन्हींपैकी कशानेच पडू शकत नाही, ती टांकसाळीबाहेर पडली असे समजावे.

चकती कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर आधीच्या भोकाचा भाग चकतीत येतो आणि नाण्याला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. असा तुकडा कानशीने किंवा कात्रीनेही काढता येतो, म्हणून त्याच्या अगदी समोरचा काठ पाहावा. चूक अस्सल असेल तर त्या जागीही काठ दबलेला आणि कच्चा उमटलेला असतो, कारण काठ उभारताना तुटक्या बाजूने आधार मिळालेला नसतो. नंतर कापलेल्या नाण्यात समोरचा काठ भरदार राहतो.

तुमच्या रेघेच्या रुपयासाठी तर याहून सोपी कसोटी आहे. रेघेवरून लाकडी दातकोरणीचे टोक अलगद फिरवा. ठशाला तडा गेला असेल तर त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठावाने येते. ओरखडा असेल तर रेघ खोल जाते. खोल रेघ कितीही सरळ आणि सुबक असली तरी ती चूक नाही, नुकसान आहे.

तिरक्या रुपयासाठी नाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यात वरच्या व खालच्या टोकाला, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी, धरून फिरवा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या या रुपयांत दोन्ही बाजू सरळच दिसायला हव्यात. मागील बाजू किती कलली आहे ते कळवा, आणि शक्य असेल तर तोळकाट्यावर वजनही करा.

दोन्ही बाजूंना राजा असलेल्या पाव आण्याचे स्वच्छ छायाचित्र अवश्य द्यावे. बाकीचा डबा एकीकडे आणि ते नाणे एकीकडे, असे होण्याची शक्यता आहे.

मोडी_वाचक

शिवरायांपुरते लिहितो. हाताने पाडलेल्या नाण्यांना यंत्राचे नियम लावू नयेत. कारागीर चकती खालच्या ठशावर ठेवून वरचा ठसा हातोडीने हाणत असे आणि चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे एका बाजूचे 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचे 'छत्रपति' संपूर्ण उमटलेली शिवराई हाच अपवाद आहे. अर्धी अक्षरे, सरकलेला ठसा किंवा वेडीवाकडी कड यांना तेथे चूक म्हणता येत नाही. उलट जिच्यावर सगळी अक्षरे आणि काठावरच्या टिंबांचे वर्तुळही आले आहे, तिलाच संग्राहक जास्त पैसे मोजतात.

शिवराईचे चलन एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले आणि ती अनेक ठिकाणी पाडली गेली. त्यामुळे 'शिव' कोठे ऱ्हस्व, कोठे दीर्घ, तर कोठे 'सीव' असेही दिसते. हे लेखनभेद अभ्यासकाला मोलाचे आहेत, कारण त्यांवरून ठशांचे गट लावता येतात. आपल्याकडील शिवरायांची अक्षरे नुसत्या डोळ्यांनी उतरवून पाठवलीत तरी वाचून सांगेन.

चौकस

आम्ही लहानपणी दहा पैशांचे नाणे रुळावर ठेवून पॅसेंजर जाण्याची वाट पाहत बसायचो. टांकसाळ्या यांची व्याख्या वाचून आता कळले की आमची ती निर्मिती 'टांकसाळीबाहेरील नुकसान' या सदरात मोडते. पाच लाखांचा हिशेब मनातून काढून टाकला आहे.

गोदाकाठ

१८६२ च्या रुपयावरील टिंबे म्हणजे चूक मुळीच नाही. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीऐवजी थेट राणीच्या सरकारचा रुपया सुरू झाल्यावर त्यावरचा सन बराच काळ गोठवून ठेवला होता. १८७४ पासून पुन्हा त्या-त्या वर्षाचा सन येऊ लागला. मधल्या काळात पाडलेल्या रुपयांवरही १८६२ च दिसते, आणि मुंबईच्या टांकसाळीने सनाच्या वर-खाली घातलेली टिंबे हा प्रत्यक्ष वर्ष दाखवण्याचा संकेत असल्याचे संग्राहक मानतात. टिंबांची संख्या आणि जागा यांचे अनेक प्रकार आहेत, त्यांतील काही सहज मिळतात, तर काही वर्षानुवर्षे शोधूनही मिळत नाहीत. तेव्हा वर किती आणि खाली किती हे भिंगाखाली मोजून ठेवा. झिजलेले टिंब राहून जाते आणि मग सगळाच हिशेब चुकतो.

चुकीवरून आठवले म्हणून थोडे अवांतर. पंचम जॉर्ज यांच्या १९११ च्या रुपयाला बाजारात 'डुक्कर रुपया' म्हणतात. राजाच्या अंगावरील पदकमाळेतला हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. मुस्लिम समाजातून हरकत आल्यावर सरकारने तो रुपया मागे घेतला, बाहेर न पडलेला साठा वितळवला आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आणला. ही यंत्राची चूक नव्हती, आरेखनाची होती. पण पुढच्या वर्षांच्या रुपयांच्या तुलनेत १९११ ला आजही चांगला भाव मिळतो, तो त्या हत्तीमुळेच.

रोखठोक

गोदाकाठ यांनी नकळत माझाच मुद्दा सिद्ध केला आहे. १९११ च्या रुपयाला भाव आहे, कारण त्याला सन आहे, कथा आहे आणि सूचीत क्रमांक आहे. ज्याला खऱ्या अर्थाने चूक म्हणतात ते सरकलेले, कापलेले, वाकडे नाणे म्हणजे टांकसाळीच्या तपासनिसाच्या नजरेतून निसटलेला रद्दी माल होय. आपल्याकडे संग्राहक सन आणि टांकसाळ यांचे रकाने भरतो आणि चुकीला त्याच्या तक्त्यात रकानाच नसतो. मग घेणार कोण? एक विकतो, दुसरा हौसेने घेतो, आणि त्या दुसऱ्याला तिसरा गिऱ्हाईक सापडत नाही.

लेस्टरकर

रोखठोक यांच्याशी निम्मा सहमत आहे. आमच्या इथे ब्रिटनमध्ये २००८ साली नाण्यांची नवी आरेखने आली, तेव्हा वीस पेन्सच्या नाण्यावरचा सन मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला हलवण्यात आला. राणीचा जुना ठसा आणि मागचा नवा ठसा अशी चुकीची जोडी यंत्रावर लागली आणि दोन्हीकडे सन नसलेली नाणी बाहेर पडली. ती हजारोंच्या संख्येने आहेत, तरीही दर्शनी किमतीच्या शेकडो पटींनी विकली जातात. म्हणजे चुकीला गिऱ्हाईक नसते असे सरसकट म्हणता येणार नाही.

शेवंती यांच्यासारखाच माझाही एक प्रश्न आहे. सातारच्या घरातील आजीची नाणी मला इकडे आणायची आहेत. त्याला काही आडकाठी आहे का?

टांकसाळ्या

लेस्टरकर, आडकाठी आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. आजीची आठवण म्हणून दोन रुपये खिशात टाकले, असे सांगून विमानतळावर सुटका होईल या भरवशावर राहू नका. ती साताऱ्यातच कोणा नातेवाइकाकडे सुरक्षित ठेवणे उत्तम.

आता रोखठोक यांच्या आक्षेपाकडे वळतो. तुम्ही दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहात. सन नसलेले वीस पेन्स ही एकाच प्रकारे पुन्हा पुन्हा घडलेली चूक आहे, तिला नाव आहे, हजारो संग्राहकांना ते नाणे हवे असते आणि म्हणून तिला ठरलेला भाव आहे. सरकलेल्या ठशाचे नाणे मात्र प्रत्येक वेळी वेगळे असते. त्याची दुर्मिळता खरी असली तरी शेजारी ठेवून तुलना करायला दुसरे नाणे नसते, म्हणून किंमत समोरच्या माणसाच्या नजरेवर ठरते. अशा नाण्यात लोक काय पाहतात? चूक डोळ्यांत भरण्याजोगी मोठी आहे का, सन वाचता येतो का, आणि धातू व दर्शनी मूल्य ओळखण्याइतका भाग शिल्लक आहे का. निम्मे कोरे राहिलेले आणि तरीही सन दिसणारे नाणे विकले जाते. जेमतेम केसभर सरकलेले नाणे कोणी फुकटही घेत नाही.

आपल्याकडे गिऱ्हाईक नाही हे वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. आता मुंबई-पुण्याच्या नाणेप्रदर्शनांत आणि लिलावांत चुकांच्या नाण्यांचे स्वतंत्र गट लागतात. तरीही सावध राहावे, कारण मागणी वाढली की मालही 'तयार' होऊ लागतो. प्रजासत्ताकातील काही नाण्यांवरच्या चुका इतक्या देखण्या आणि सोयीच्या असतात की त्या आपसूक झाल्या असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

सराफकट्टा

आमचा पिढीजात व्यवसाय चांदीचा आहे. दुकानात येणाऱ्या जुन्या रुपयांकडे आम्ही आधी चांदी म्हणून पाहतो, ते का ते सांगतो. व्हिक्टोरियापासून पंचम जॉर्जपर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी आहे. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. चांदीच्या रुपयाला धातूचा भाव हा तळ मिळतोच, चूक असो वा नसो. पाव आण्याला किंवा भोकाच्या पैशाला असा तळ नाही. तेथे संग्राहक मिळाला तर किंमत, नाही तर मोड.

वजन करायला सांगितले ते योग्यच आहे. ओतीव बनावट रुपये त्या काळीही चालत आणि आजही येतात. त्यांची अक्षरे साबणाच्या वडीवर कोरल्यासारखी बुळबुळीत दिसतात, काठावरच्या उभ्या रेषा मध्येच पुसट होतात आणि कधीकधी काठावर सांध्याची बारीक रेघ सापडते. अशा नाण्याचा वाकडेपणा टांकसाळीचा नसतो, ओतणाऱ्याचा असतो.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांपैकी काहीही लावून नाणी घासू नका. हळदकुंकू चिकटले असेल तर नुसत्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ सुती कापडावर निथळू द्या, पुसू नका. ज्या रुपयांना माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेली आहे, ते संग्राहकाच्या दृष्टीने बाद झाले असे समजा. कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो.

तबकडी

माझ्याकडे नव्वदच्या दशकातील एक स्टीलचा रुपया आहे आणि त्यावर सनाखाली टांकसाळीचे चिन्हच नाही. ही ठसा बुजल्याची चूक म्हणावी का?

गोदाकाठ

नाही, ते कोलकात्याचे नाणे आहे. मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा आणि नोएडाचे गोल टिंब अशी चिन्हे सनाखाली असतात. कोलकात्याची टांकसाळ मात्र चिन्ह घालतच नाही. त्याच दशकाच्या अखेरीस काही रुपये परदेशातही पाडून घेतले होते, त्यामुळे स्लोव्हाकियातील क्रेम्निका टांकसाळीची 'एमके' ही अक्षरे पाहूनही लोक चूक सापडल्याच्या आनंदात असतात.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे सगळे तपासले. व्हिक्टोरियाच्या रुपयावरील रेघ दातकोरणीला अडते, म्हणजे ती उठावाची आहे. १९१७ च्या रुपयाचे वजन ११.५ ग्रॅम भरले आणि मागील बाजू घड्याळाच्या काट्यावर साधारण दोन मिनिटांइतकी कलली आहे. भोकाच्या पैशाचे भोक एका बाजूला सरकलेले आहे, पण त्याची आतली कड ओबडधोबड असून तिच्यावर कानशीच्या आडव्या खुणा आहेत. पाव आण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली आहेत. खोलगट बाजूवरील अक्षरे आरशात धरली की व्यवस्थित वाचता येतात आणि उठावदार बाजूवर राजाची दाढी व मुकुटाची नक्षी अजून स्पष्ट आहे. टिंबे सवडीने मोजते.

टांकसाळ्या

आता क्रमाने सांगता येईल. व्हिक्टोरियाच्या रुपयावर ठशाचा तडा अस्सल आहे. पण हजारो रुपये पाडताना ठशाला बारीक तडे जाणे नेहमीचेच होते, त्यामुळे किंमत फारशी बदलणार नाही. ठशाचा तुकडाच निखळून काठाशी धातूचा गोळा आला असता तर गोष्ट वेगळी होती. १९१७ च्या रुपयाचे वजन झीज धरता बरोबर आहे आणि दोन मिनिटे म्हणजे जेमतेम बारा अंशांचा कल. तेवढी ढिलाई टांकसाळ चालवून घेत असे. नव्वद किंवा एकशे ऐंशी अंश असता तर मी लगेच विचारले असते की विकता का. भोकाचा पैसा मात्र कोणीतरी वॉशर म्हणून वापरण्यासाठी कानशीने रुंद केलेला आहे. त्या काळात हे सर्रास होत असे.

पाव आणा अस्सल दिसतो. आधी पाडलेले नाणे मागच्या बाजूच्या ठशाला चिकटून राहिले आणि पुढची कोरी चकती त्याच्याखाली आली. त्यामुळे तिच्या एका बाजूला ठशातून खरा राजा उमटला आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्यावरचा राजा खोलगट व उलटा उमटला. याला ब्रॉकेज म्हणतात, जुने व्यापारी 'लखी' म्हणतात. शेगड्यात (वाइसमध्ये) दोन नाणी दाबून बनवलेल्या नकलेत खोलगट प्रतिमा येते, पण त्याच दाबाने मागची उठावदार बाजू चेपते. तुमच्या नाण्यावर दाढी शाबूत आहे आणि खोलगट चेहरा मूळ आकाराचाच आहे, पसरलेला नाही. नाणे चिकटल्यानंतरच्या अगदी पहिल्या आघातांपैकी हे असावे.

रोखठोक

पाव आण्याला भाव मिळेल हे मी मान्य करतो, पण पाच लाखांच्या आसपासही नाही, हे टांकसाळ्या यांनी स्पष्ट लिहावे. नाही तर भाचा पुन्हा चित्रफीत दाखवेल.

टांकसाळ्या

स्पष्ट लिहितो. लाखांची भाषा नकोच. आज ज्या दराने साधा पाव आणा मिळतो, त्याच्या कितीतरी पट मिळेल आणि तेही दोन-तीन संग्राहक एकाच वेळी मागे लागले तर. परदेशी प्रमाणन संस्थेकडून पेटीबंद करून घेण्याचा खर्च त्यावर करावा का, हे प्रदर्शनात दोन-चार जाणकारांना प्रत्यक्ष दाखवूनच ठरवा. पहिला जो आकडा सांगेल त्याला तिथल्या तिथे देऊन टाकू नका, आणि तोवर ते प्लास्टिकच्या मऊ पाकिटात न ठेवता आम्लरहित कागदात ठेवा. तांबे आणि ब्राँझ यांना त्या पाकिटांतून हिरवट चिकटा चढतो.

मोडी_वाचक

नाशिकच्या बाजूला येणे झाले तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय जरूर पाहा, शिवराया सोबत असल्या तर उत्तमच. १९८० पासूनची ही संस्था आहे. तेथे नाण्याची किंमत सांगत नाहीत, पण नाणे कोणते ते निश्चित कळते.

शेवंती

जरूर जाऊ. टिंबे मोजली : वर एक, खाली दोन. पाव आणा वेगळा काढून कागदात गुंडाळला आहे, बाकीचे रुपये दिवाळीला पूजेत राहतील, मात्र यापुढे घासले जाणार नाहीत असे घरात सर्वानुमते ठरले आहे.

नवा_सभासद

धागा पूर्ण वाचला, फार माहितीपूर्ण आहे. माझ्याकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले नाणे आहे. त्याचे दहा लाख मिळतात असे ऐकले, ते कोठे विकावे?

चौकस

पाच रुपयांचे असेल तर पाच रुपयांना आणि दहाचे असेल तर दहा रुपयांना, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे.